साइट किट : हिशेब एका पानावर, पण त्यात पावसाळा मावत नाही

वर्डप्रेसवरच्या ब्लॉगची खबरबात ठेवायची तर गुगलची तीन दारं ठोठावावी लागतात. शोधातून किती जण आले ते सर्च कन्सोल सांगतं, आल्यावर त्यांनी काय वाचलं ते अॅनालिटिक्स आणि जाहिरातींचे किती जमले ते अॅडसेन्स. साइट किट हे गुगलचंच प्लगिन या तिन्हींचे आकडे वर्डप्रेसच्या डॅशबोर्डवर एका पानात आणून ठेवतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. पैसे लागत नाहीत आणि 'प्रो घ्या, प्रो घ्या' म्हणून डोकं खाणारी पट्टीही दिसत नाही. मोफत प्लगिनांच्या दुनियेत हे दुसरं सुख पहिल्याइतकंच मोठं आहे.

निकाल आधीच सांगून टाकू. जोडणीच्या कामाला ५ पैकी ५. सकाळच्या चहासोबत एक नजर टाकायला ४. वर्षाचा हिशेब मांडायला २, तेही हात सैल सोडून.

हे गुण ठाणे-नवी मुंबईच्या परिसरावर मराठीत लिहिणारे, महिन्याला काही हजार वाचनं होणारे ब्लॉग डोळ्यांसमोर ठेवून दिले आहेत. येऊरच्या पायवाटा, तलावपाळीची दिवाळी पहाट, ठाण्यातल्या मिसळी, खारघरचा पांडवकडा, नेरूळच्या तळ्यावरचे फ्लेमिंगो असे विषय. या ब्लॉगांची तऱ्हा बातम्यांच्या साइटपेक्षा निराळी असते. विषय ऋतूवर चालतात, वाचकांचा मोठा लोंढा सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून येतो आणि एकच गावाचं नाव लोक चार तऱ्हांनी टाइप करतात.

ब्लॉगस्पॉटवाल्यांसाठी हे प्लगिन नाही. त्यांना तिन्ही सेवा वेगवेगळ्या उघडूनच पाहाव्या लागतील. ब्लॉगरच्या आतला आकडेवारीचा टॅब त्याला पर्याय समजू नये, तो बॉटांनाही माणसांत धरतो. मात्र शोधातला क्रमांक, तारखा आणि पैशांबद्दल खाली जे आहे ते त्यांनाही जसंच्या तसं लागू पडतं.

बसवताना

प्लगिनच्या पानावर साइट किट शोधा, इन्स्टॉल करा, चालू करा, गुगलने साइन इन करा. परवानग्यांच्या पानावर छोट्या चौकटी येतात. त्यातली एखादी रिकामी राहिली की पुढे एखादा आकडा येतच नाही आणि का येत नाही ते कळत नाही, म्हणून सगळ्यांवर खूण करावी. सर्च कन्सोलमधली मालकी प्लगिन स्वतःच सिद्ध करून घेतं. डोमेनच्या डीएनएसमध्ये जाऊन रेकॉर्ड टाकण्याची कटकट वाचते. अॅनालिटिक्सचं खातं नसेल तर तिथल्या तिथे काढून देतं. सगळं सुरळीत असेल तर पाव तासाचं काम.

सुरळीत नसतं तेव्हा बहुधा दोष सुरक्षा प्लगिनचा असतो. ते वर्डप्रेसचा रेस्ट एपीआय, म्हणजे बाहेरच्या सेवांशी बोलायची वाट, बंद करून ठेवतं आणि साइट किटचं सगळं बोलणं त्याच वाटेने चालतं. जोडणी मध्येच अडकली की आधी ते प्लगिन थोडा वेळ बंद करून पाहावं. दुसरं, जोडणी झाल्यावर कॅशे (पानांच्या साठवून ठेवलेल्या प्रती) रिकामी करावी. नाहीतर वाचकांना जुनीच पानं जात राहतात आणि आकडा दोन दिवस शून्यावर बसतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र दुहेरी टॅगची. थीमच्या हेडरमध्ये कधीकाळी चिकटवलेला अॅनालिटिक्सचा कोड तसाच असतो आणि साइट किट स्वतःचा आणखी एक घालतं. आधीपासूनचा टॅग सापडला तर प्लगिन इशारा देतं, पण तो घाईत 'ठीक आहे' म्हणून पुढे ढकलला जातो. परिणाम गमतीदार असतो. प्रत्येक पान दोनदा मोजलं जातं. अॅनालिटिक्सच्या लेखी दोन पानं पाहिलेली भेट ही 'गुंतलेली' भेट, त्यामुळे पान उघडून तीन सेकंदांत निघून गेलेला माणूसही मन लावून वाचणारा ठरतो. एंगेजमेंट रेट, म्हणजे गुंतलेल्या भेटींची टक्केवारी, १०० च्या आसपास दिसू लागला की पेढे वाटू नयेत. पानाचा सोर्स उघडून अॅनालिटिक्सचा कोड किती वेळा येतो ते पाहावं आणि थीममधला काढून टाकावा. अॅडसेन्सच्या कोडचंही तसंच, दोन ठिकाणी नको.

आणखी दोन सेटिंग त्याच बैठकीत बदलून घ्यावीत, कारण मागाहून बदलली तर मागचा डेटा सुधारत नाही. अॅनालिटिक्स प्रॉपर्टीचं टाइमझोन भारताचं आहे ना ते पाहावं. आणि डेटा रिटेन्शन, म्हणजे तपशीलवार डेटा ठेवण्याचा काळ, मुळात २ महिन्यांवर असतो, तो १४ महिन्यांवर न्यावा. नेहमीच्या रिपोर्टांना त्याने फरक पडत नाही, पण 'एक्सप्लोरेशन'मध्ये खोल शिरून गेल्या वर्षीचं काही शोधायला गेलं की या २ महिन्यांची किंमत कळते.

स्वतःच्या भेटी मोजल्या जाऊ नयेत म्हणून घरच्या ब्रॉडबँडचा आयपी पत्ता वगळायचा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. घरगुती जोडणीचा आयपी बदलत राहतो आणि ठाण्याहून लोकलमध्ये बसून मोबाइलवर लेख तपासला तर तो फिल्टर लागूच होत नाही. शिवाय हा फिल्टर सुरुवातीला 'टेस्टिंग' अवस्थेत असतो. तो 'अॅक्टिव्ह' करायचं राहिलं तर काहीच वगळलं जात नाही. इथे साइट किटची मूळ सोय जास्त कामाची आहे: वर्डप्रेसमध्ये लॉग-इन असलेल्यांना ते अॅनालिटिक्समधून आपोआप बाहेर ठेवतं. म्हणजे मोबाइलच्या ब्राउझरमध्येही एकदा लॉग-इन करून ठेवलं की झालं. जाहिरातींसाठी अशीच वेगळी सोय सेटिंगमध्ये आहे, तीही चालू करावी. स्वतःच्या जाहिरातीवर चुकून बोट पडायची भीती त्याने जाते.

पावसाळा न मावणारं पान

साइट किटचं डॅशबोर्ड चार कालखंड देतं: मागचे ७, १४, २८ किंवा ९० दिवस. मुळात २८ वर असतं. बाजूला हिरवा किंवा लाल बाण, तो लगेच आधीच्या तेवढ्याच दिवसांशी तुलना करतो. हव्या त्या दोन तारखा निवडायची सोय नाही.

पाककृतींच्या ब्लॉगला हे चालून जातं. परिसरावर लिहिणाऱ्याला नाही. पांडवकडा लोक जून ते ऑगस्ट शोधतात; धबधब्यावर पावसाळ्यात बहुधा प्रवेशबंदी असते, म्हणून 'चालू आहे का' हा शोध तर त्याच दिवसांतला. फ्लेमिंगो हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. तलावपाळीची पहाट दिवाळीच्या आगेमागे दोन आठवडे. ऑक्टोबरात साइट किट उघडलं की पांडवकड्याच्या लेखासमोर भला मोठा लाल बाण. लेख पडलेला नसतो, पाऊस संपलेला असतो. पण बाण पाहून लेखकाची बोटं शिवशिवतात. तो चांगला चाललेला मथळा बदलतो, परिच्छेद हलवतो आणि पुढच्या जूनमध्ये खरोखरच घसरतो.

अशा लेखाची तुलना त्याच्याच मागच्या हंगामाशी करायला हवी. त्यासाठी सर्च कन्सोल थेट उघडायचं, परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये तारखांवर टिचकी मारून 'तुलना' निवडायची आणि मागच्या वर्षीचा तोच काळ घ्यायचा. तिथे १६ महिन्यांचा डेटा राहतो, म्हणजे या पावसाळ्याशेजारी मागचा पावसाळा बसतो. त्याच्या मागचा बसत नाही, तो पुसला गेलेला असतो. म्हणून महिन्याचे आकडे स्वतःच्या शीटमध्ये उतरवून ठेवण्याला पर्याय नाही.

तुलना करताना सप्टेंबर २०२५ ची एक खूणगाठ मनाशी बांधून ठेवावी. गुगलच्या शोधात पत्त्याला एक जोड लावून एका पानावर १०० निकाल मागवता येत असत. क्रमांक मोजणारी यंत्रं त्याच वाटेने यायची आणि पाचव्या-सातव्या पानावर पडलेल्या लेखालाही त्यांच्यामुळे 'इम्प्रेशन', म्हणजे निकालात दिसल्याची नोंद, मिळायचं. त्या महिन्यात गुगलने ती सोय काढून घेतली. अनेक साइटींचे इम्प्रेशन्स, विशेषतः डेस्कटॉपवरचे, एकदम खाली आले आणि सरासरी क्रमांक मात्र आपोआप सुधारलेला दिसला. वाचक होते तेवढेच होते. ही तारीख ओलांडणारी कुठलीही तुलना क्लिकवर करावी, इम्प्रेशनवर नको.

क्रमांक : प्लगिनचा कच्चा दुवा

क्रमांक कळावा म्हणून साइट किट बसवलं असेल तर निराशा होईल. डॅशबोर्डवरच्या शोधशब्दांच्या तक्त्यात क्लिक आणि इम्प्रेशन हे रकाने आहेत, सरासरी क्रमांकाचा नाही. शब्दावर टिचकी मारून सर्च कन्सोलमध्येच जावं लागतं. गेल्यावर जो आकडा दिसतो तोही समजून घ्यावा लागतो.

समजा एक लेख 'येऊर ट्रेक'साठी तिसरा दिसतो आणि महिन्यात २० वेळा दिसला. मग गुगलने तोच लेख 'ठाण्याजवळची ठिकाणं' या मोठ्या शोधात ४५ व्या जागी ८० वेळा दाखवायला सुरुवात केली. सरासरी झाली ३६.६. पहिल्या शोधातली तिसरी जागा जागच्या जागी आहे, वर नवीन दारही उघडलं आहे, आणि आलेख सांगतो की तुम्ही तीनवरून छत्तीसवर कोसळलात. म्हणून पूर्ण साइटचा सरासरी क्रमांक पाहण्यात काही हशील नाही. एक शोधशब्द, एक पान, देश भारत, उपकरण मोबाइल, एवढं सगळं फिल्टरने बांधलं तरच क्रमांकाला अर्थ येतो.

मराठीत 'एक शोधशब्द' ही वस्तूच अस्तित्वात नाही, ही पुढची अडचण. ठाणे, ठाण्यात, ठाण्यातली, ठाण्याजवळ; नेरूळ, नेरुळ आणि हिंदीतून शोधणाऱ्याचं नेरुल; येऊर आणि येउर; पांडवकडा आणि पांडवकड्याला. शिवाय निरनिराळ्या स्पेलिंगमध्ये हेच सगळं रोमन लिपीत. प्रत्येक रूपाची वेगळी ओळ, प्रत्येक ओळीत चार-दोन क्लिक. साइट किट यांना एकत्र आणत नाही. सर्च कन्सोलमध्ये मात्र शोधशब्दाच्या फिल्टरला 'कस्टम रेजेक्स'चा, म्हणजे एका नमुन्यात अनेक रूपं पकडण्याचा, पर्याय आहे आणि तो देवनागरीवर नीट चालतो. काही तयार नमुने:

ठाण
नेर[ुू][ळल]
ये[ऊउ]र
पांडवकड

पहिल्या आणि शेवटच्या नमुन्यात युक्ती एवढीच की नाम जिथे बदलायला लागतं त्याच्या अलीकडे थांबायचं. 'ठाणे' लिहिलं तर 'ठाण्यात' निसटतं, 'ठाण' लिहिलं की सामान्यरूपंही जाळ्यात येतात. त्यासोबत 'पोलीस ठाणे'सुद्धा येतं, ते डोळ्यांनी वगळावं. मधल्या दोन नमुन्यांत चौकटी कंसात ऱ्हस्व-दीर्घाचे (आणि नेरूळमध्ये ळ-लचे) दोन्ही पर्याय ठेवले आहेत. रोमन रूपं जोडायची तर नमुन्यापुढे उभी रेघ देऊन स्पेलिंग लिहायचं. असा गट बांधला की वर क्लिकची बेरीज दिसते आणि तीच दर महिन्याला टिपायची.

फिल्टर लावला की एकूण आकडा थोडा घटतो, त्याने गोंधळू नये. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गुगल खासगीपणापायी यादीत दाखवत नाही. एकूण बेरजेत ते असतात, शब्दाच्या फिल्टरमध्ये गळतात. मराठीतले लांबलचक शोध बहुतेक याच खात्यात जातात, त्यामुळे छोट्या मराठी ब्लॉगला ही तूट जरा जास्तच दिसते. त्यावर इलाज म्हणजे शब्दाऐवजी पानाचा फिल्टर लावणे.

पानाचा फिल्टर म्हटला की पत्त्याचा प्रश्न आला. मथळा मराठीत असला की वर्डप्रेस पत्ताही मराठीत बनवतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्तासकट, पत्त्यात ९ अक्षरं खातं आणि वर्डप्रेस पत्त्याच्या त्या तुकड्याला २०० अक्षरांची जागा देतं. म्हणजे २२ चिन्हं. 'ठाण्यातील सर्वोत्तम मिसळ' एवढ्या तीन शब्दांत ती जागा बरोबर भरते. चौथा शब्द कापला जातो. दोन लेखांची सुरुवात सारखी असेल तर पत्ते जवळजवळ सारखे होतात, फरक राहतो शेवटच्या आकड्याचा. अॅनालिटिक्समध्ये तर हा पत्ता टक्क्यांच्या चिन्हांची न संपणारी माळ म्हणून दिसतो. नवीन लेखांना रोमन लिपीत तीन-चार शब्दांचा पत्ता द्यावा. जुन्यांना हात लावू नये. लावलाच तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे नेणारं पक्कं रीडायरेक्ट टाकूनच. साइट किट वरच्या लेखांची यादी मथळ्यांनिशी दाखवतं, ही त्याची छोटी पण रोज उपयोगी पडणारी सोय.

पैसे देऊन क्रमांक मोजणाऱ्या सेवांबद्दल दोनच वाक्यं. २०२५ च्या त्या बदलानंतर १०० निकाल वाचायला त्यांना एकाच्या जागी दहा पानं मागवावी लागतात, त्यामुळे त्यांचा खर्च वाढला आणि खोलवरची मोजणी विरळ झाली. शंभरेक लेखांच्या मराठी ब्लॉगला त्यांची गरज नाही.

दुपारी साडेबाराला बदलणारी तारीख

रविवारी सकाळी ९ वाजता एखाद्या लेखावर गुगलच्या शोधातून वाचकांचा लोंढा आला की अॅनालिटिक्समध्ये रविवारचा आकडा उडी मारतो. सर्च कन्सोलमध्ये तीच उडी शनिवारी दिसते. चूक कोणाचीच नसते. सर्च कन्सोलचा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळावर चालतो. आपल्याकडे तो उन्हाळी वेळेत दुपारी साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला सुरू होतो. अॅडसेन्सच्या पैशांचा हिशेबही त्याच घड्याळावर असतो. रिपोर्टसाठी स्थानिक वेळ निवडता येते, पण पैसे ठरतात ते तिकडच्या दिवसानुसार. साइट किट हे तिन्ही एका पानावर शेजारी मांडतं आणि हा फरक कुठेही ठळकपणे सांगत नाही. एका दिवसाचे आकडे जुळवत बसू नये. आठवडा किंवा महिना घेतला की फरक विरून जातो.

महिना घेतला तरी क्लिक आणि सेशन (वाचकाची एक सलग भेट) जुळणार नाहीत. सर्च कन्सोल गुगलच्या पानावरचा क्लिक मोजतं. अॅनालिटिक्स स्क्रिप्ट चालली तरच मोजतं. जाहिराती अडवणारा ब्राउझर असेल तर बहुतेक वेळा ती स्क्रिप्टही अडते. अर्ध्या तासात नवा शोध करून परत आलेला वाचक अॅनालिटिक्स त्याच सेशनमध्ये धरतं, सर्च कन्सोलला तो दुसरा क्लिक.

'डायरेक्ट' या नावाखाली जे येतं त्यातलं बरंच व्हॉट्सअॅप असतं, कारण अॅपमधून उघडलेल्या लिंकसोबत मागचा पत्ता येत नाही. ग्रुपवर टाकायच्या लिंकला यूटीएमची, म्हणजे वाचक कुठून आला ते सांगणारी, शेपटी जोडावी. स्रोताचं नाव कायम लहान रोमन अक्षरांत लिहावं. एकदा मोठं आणि एकदा लहान लिहिलं की रिपोर्टमध्ये दोन वेगळ्या ओळी होतात.

पैसे

अॅडसेन्सची जोडणी साइट किटमधून सोपी आहे आणि मराठी ही अॅडसेन्सच्या मान्य भाषांत आहे. मंजुरी काही दिवसांत ते दोन-चार आठवड्यांत येते. ती आल्यावर साइटच्या मुळाशी अॅड्स डॉट टीएक्सटी (इथल्या जाहिराती कोण विकू शकतं ते सांगणारी) ही फाइल आपली आपण ठेवावी. अॅडसेन्स त्यात टाकायची ओळ तयार देतं, ती जशीच्या तशी चिकटवायची. अॅनालिटिक्स आणि अॅडसेन्स एकमेकांना जोडले की साइट किट कोणत्या लेखाने किती मिळवलं ते दाखवतं. अख्ख्या प्लगिनमधला सगळ्यात उपयोगी चौकोन हाच. सर्वाधिक वाचला जाणारा लेख सर्वाधिक कमावणारा असतोच असं नाही, हे तिथे पहिल्याच महिन्यात दिसतं.

आकडा समजायचा तो पेज आरपीएम: कमाई भागिले पानदर्शनं, गुणिले हजार. उदाहरणापुरतं ४० सेंट धरा. महिन्याला १०,००० पानदर्शनं असतील तर ४ डॉलर होतात. अॅडसेन्स १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे पाठवत नाही. म्हणजे पंचवीस महिने. घरी कोणी 'ब्लॉगचे किती मिळतात गं' विचारलं तर हा भागाकार दाखवावा. दिवाळीच्या आधी दर वाढतात, जानेवारीत पडतात. त्याचा तुमच्या लेखनाशी संबंध नाही.

डॅशबोर्डवरची रक्कम अंदाजाची असते. महिना संपल्यावर अवैध क्लिक-दर्शनं वजा करून ३ तारखेपर्यंत पक्की रक्कम शिल्लकीत जमा होते आणि उंबरठा ओलांडला असेल तर २१ ते २६ च्या दरम्यान पैसे निघतात. ही वजाबाकी साइट किटमध्ये कळत नाही, अॅडसेन्सच्या पेमेंट्सच्या पानावरच कळते. वजाबाकी मोठी असेल तर कारण बहुधा ओळखीतलंच असतं: 'आपल्या सोसायटीतल्या मुलीचा ब्लॉग आहे, सगळ्यांनी जाहिरातीवर क्लिक करा.' २०२४ पासून अॅडसेन्स मुख्यतः जाहिरात दिसण्याचे पैसे देतं, क्लिकचे नाही. त्यामुळे या प्रेमाचा फायदा शून्य आणि खातं बंद व्हायचा धोका पुरेपूर.

१० डॉलर झाले की पत्त्याच्या खात्रीसाठी सहा आकडी पिन साध्या टपालाने येतो. दोन ते चार आठवडे लागतात. घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या मोठ्या संकुलात राहत असाल तर पत्त्यात इमारत, विंग, फ्लॅट क्रमांक आणि पिनकोड अचूक हवा आणि गेटवर टपाल कोण घेतं ते विचारून ठेवलेलं बरं. पत्र साधं असतं, कोणी सही मागत नाही. तीन आठवड्यांत आलं नाही तर नवं मागवता येतं. चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती थांबतात.

बँकेचा तपशील भरताना शाखेचा स्विफ्ट कोड लागतो आणि खात्यावरचं नाव अॅडसेन्समधल्या नावाशी अक्षरशः जुळायला हवं. पैसे परदेशातून येतात, तेव्हा बँक हेतूचा कोड विचारते. जाहिरातींच्या उत्पन्नासाठी पी-१००७ चालतो. बँकेचा आकार वजा होऊन आणि तिचा विनिमय दर लागून जे रुपये पडतात ते तुमचं खरं उत्पन्न. परदेशी रकमेची बँकेची पावती मागून जपून ठेवावी, विवरणपत्र भरताना लागते.

लंडन-फ्रँकफर्टकडचे मराठी वाचक असतील तर एक गोष्ट आणखी. जानेवारी २०२४ पासून युरोप आणि ब्रिटनमधल्या वाचकांना संमतीचा संदेश दाखवल्याशिवाय अॅडसेन्सच्या नेहमीच्या जाहिराती लागत नाहीत. अॅडसेन्सच्याच 'प्रायव्हसी अँड मेसेजिंग'मध्ये तो मोफत तयार होतो.

शीट

साइट किटला हिशेबात २ गुण दिले, उरलेले ३ एका साध्या गुगल शीटचे. रकाने: महिना, लेख, सर्चचे क्लिक, शब्दगटाचे क्लिक, भारत-मोबाइल क्रमांक, अॅनालिटिक्सची पानदर्शनं, अॅडसेन्सची पानदर्शनं, अंदाजित डॉलर, पक्के डॉलर, बँकेत आलेले रुपये. लेख सगळे नकोत; वरचे वीस पुरे. भरायचा दिवस दर महिन्याची ५ तारीख. सर्च कन्सोलचे आकडे दोन-तीन दिवस मागे असतात, अॅनालिटिक्स ४८ तासांपर्यंत घेतं आणि अॅडसेन्सची पक्की रक्कम ३ तारखेची. ५ ला तिन्ही स्थिरावलेले असतात. सर्च कन्सोलमधून निर्यात करताना १,००० ओळींची मर्यादा आहे, वीस लेखांना ती आड येत नाही.

अॅनालिटिक्स आणि अॅडसेन्सच्या पानदर्शनांतला फरक दर महिन्याला साधारण तेवढाच राहतो. तो अचानक वाढला तर काही पानांवर जाहिराती लागत नाहीत असं समजावं आणि आधी अॅड्स डॉट टीएक्सटी, मग कॅशे, मग थीमचा नुकताच झालेला बदल तपासावा. साइट किटच्या लाल-हिरव्या बाणांत ही गोष्ट कधीच दिसत नाही.

जेटपॅक या दुसऱ्या वर्डप्रेस प्लगिनची आकडेवारी डोळ्यांना जास्त गोड आहे हे मान्य, पण जाहिराती लावलेला ब्लॉग तिच्या नियमात व्यावसायिक ठरतो आणि त्याला पैसे पडतात.

शेवटचं काम जोडणीच्या आधीचं आहे. ब्लॉग डिझायनरकडून करून घेतला असेल तर साइट किटमध्ये साइन इन त्याच्या नव्हे, तुमच्या जीमेलने व्हायला हवं. प्लगिन काढून टाकलं तरी डेटा गुगलच्या खात्यात राहतो, म्हणून खातं कोणाचं हाच खरा प्रश्न. शेवटचा हप्ता देण्याआधी सर्च कन्सोलच्या सेटिंगमध्ये वापरकर्त्यांची यादी उघडावी, अॅनालिटिक्समध्ये प्रशासक कोण ते पाहावं आणि पानाच्या सोर्समधला अॅडसेन्सचा प्रकाशक क्रमांक तुमच्या खात्यातल्या क्रमांकाशी ताडून पाहावा. तो त्याचा निघाला तर पिनचं पत्रही त्याच्याच घरी जाईल.